नऊ सामन्यांची आघाडी आणि नसलेला सहावा पिचर : बोस्टन रेड सॉक्स, सप्टेंबर २०११

१ सप्टेंबर २०११ला सकाळी आमच्या घरी गणपती बसले, तेव्हा बोस्टन रेड सॉक्स हा अमेरिकेतला बेसबॉल संघ त्याच्या गटात पहिल्या क्रमांकावर होता. २८ सप्टेंबरला सांगलीत आईने घट बसवले आणि त्याच रात्री, बोस्टनच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेल्यावर, रेड सॉक्स स्पर्धेतून बाहेर पडले. गणपती ते घटस्थापना, एवढ्या अवधीत एक अख्खा हंगाम मातीत गेला. इतकी वर्षं झाली, तरी त्या महिन्याचं नाव काढलं की माझ्या पोटात कालवतं.

या घसरणीवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं कोंबडी आणि बिअर या दोन शब्दांशीच येऊन थांबतं (ती बातमी पुढे येईल). मला ते पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडते.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज एक सामना. सामन्यात नऊ डाव, बरोबरी असली तर आणखी, आणि प्रत्येक डावात प्रत्येक संघाचे तीन जण बाद व्हायचे. चारही बेस पळून ओलांडले की एक धाव. तेव्हाच्या नियमांनुसार प्रत्येक लीगमध्ये तीन गटविजेते पुढे जायचे आणि उरलेल्यांत ज्याचे विजय सर्वांत जास्त तो चौथा, म्हणजे वाइल्ड कार्ड. गट हातचा गेला तरी वाइल्ड कार्डाचं दार उघडं असायचं. ३ सप्टेंबरच्या रात्री त्या दारात रेड सॉक्स उभे होते, ८४ विजय आणि ५४ पराभव घेऊन. मागे नऊ सामन्यांच्या अंतरावर टँपा बे रेज. हातात सामने उरले होते २४.

त्या २४ पैकी रेड सॉक्सने जिंकले सहा.

आधी वसंतात काय ठरलं होतं ते बघू, कारण रागाचं मूळ तिथे आहे. २०१०-११च्या हिवाळ्यात संघाने दोन मोठे खेळाडू आणले. सॅन डिएगोकडून अदलाबदलीत एड्रियन गोन्झालेस आला, त्याच्याशी पुढे सात वर्षांचा १५ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला. टँपाचा कार्ल क्रॉफर्ड सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाखांना घेतला. शहरात लग्नघरासारखा उत्साह होता. ज्याला विचारावं तो शंभर विजय धरूनच चालला होता. मीही धरले होते.

आणि फलंदाजी खरोखरच तशी झाली. २०११ मध्ये रेड सॉक्सने ८७५ धावा केल्या, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. गोन्झालेसने .३३८च्या सरासरीने, म्हणजे साधारण तीनपैकी एका संधीत, २१३ हिट मारले (हिट म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं). जेकोबी एल्सबरीने .३२१, ३२ होमरन (एकाच फटक्यात चारही बेस) आणि ३९ चोरलेले बेस (चेंडू न मारता पळून गाठलेले) असा हंगाम केला. तीस होमरन आणि तीस बेस एकाच वर्षात, असं रेड सॉक्सच्या इतिहासात त्याच्याआधी कुणी केलं नव्हतं. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. अशी कामगिरी एखाद्याच्या हातून एकदाच होते, आणि ती या वर्षात वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं. क्रॉफर्ड मात्र वर्षभर अवघडलेला दिसला. .२५५वर अडकला आणि ज्या पायांसाठी त्याला आणलं होतं त्या पायांनी फक्त १८ बेस चोरले.

धावांचं दुखणं नव्हतं, दुखणं पिचिंगमध्ये, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांत होतं, आणि ते जूनमध्येच दिसलं होतं.

सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, दर पाचव्या दिवशी येतो. एका संघाला असे पाच लागतात. क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाचा दिवस खराब असला तर दुसऱ्या टोकाकडून कुणी तरी सांभाळून घेतो. इथे तसं नाही. स्टार्टरने पाच-सहा डाव ओढायचे, मग मागचे राखीव पिचर, ज्याला बुलपेन म्हणतात, ते उरलेले डाव काढतात. स्टार्टर तिसऱ्या डावात कोलमडला की त्या रात्री बुलपेनचे चार-पाच जण खर्ची पडतात. उद्या तेच दमलेले हात पुन्हा उभे राहतात. एका स्टार्टरची जखम अशी सगळ्या घराला लागते.

जूनमध्ये दोन स्टार्टर गेले. दाइसुके मात्सुझाकाच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. क्ले बुकहोल्झ १६ जूनला खेळला तो त्या हंगामातला शेवटचा. पाठीच्या हाडाला तडा गेल्याचं पुढे निघालं. राहिले जॉश बेकेट, जॉन लेस्टर आणि जॉन लॅकी. त्यांच्या मागे पंचेचाळिशीला आलेला टिम वेकफील्ड, अजून घडत असलेला अँड्र्यू मिलर, आणि मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धेतून, उचललेला काइल वायलंड. ३१ जुलैला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, संघाने घेतला एरिक बेडार्ड. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे जो आदल्या वर्षी एकही सामना खेळला नव्हता तो.

मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं होतं, "अरे, फुटक्या घागरीला फुटक्या घागरीचंच ठिगळ लावतायत." त्याला बेसबॉलमध्ये रस नाही. पण वाक्य त्याने लक्षात ठेवलं आणि सप्टेंबरभर मला ऐकवलं.

लॅकीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पाच वर्षांचा ८ कोटी २५ लाखांचा करार घेऊन तो २०१० मध्ये आला होता. २०११ मध्ये त्याचा ईआरए होता ६.४१. ईआरए म्हणजे दर नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुका सोडून. चारच्या आसपास असला की बरा, सहाच्या पुढे गेला की माणूस संघात टिकत नाही. पण लॅकी टिकला, २८ वेळा मैदानात उतरला. का? कारण त्याच्या जागी उभं करायला कुणी नव्हतं. फेनवे पार्कवर, म्हणजे बोस्टनच्या घरच्या मैदानावर, लोक त्याला 'बू' करत. त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मीही तिथे होते आणि मीही केलं, घसा बसेपर्यंत. हे मी पुढे पुन्हा सांगणार आहे.

आता सप्टेंबर. त्या महिन्यात रेड सॉक्सच्या स्टार्टरांचा मिळून ईआरए होता ७.०८. एवढा एक आकडा हातात असला तर बाकीचं प्रकरण आपोआप उलगडतं. महिनाभरात सात विजय आणि वीस पराभव. सात विजयांच्या तारखा मला पाठ आहेत: ३, ६, १३, १६, १९, २५, २७. नीट बघा, यांत लागोपाठचे दोन विजय एकदाही नाहीत. एक जिंकायचा, दुसऱ्या दिवशी हरायचा, मग आणखी दोन-चार हरायचे. ६ तारखेला टोरांटोला १४-०, आणि ७ तारखेला त्याच मैदानावर १०-११. १३ तारखेला १८-६. १९ तारखेला दोन सामने होते: पहिला ५-६ हरले, दुसरा १८-९ जिंकले. धावा अशा ढिगाने यायच्या आणि चुकीच्या दिवशी यायच्या. तीन सामन्यांत पन्नास धावा! त्यांतल्या पाच-सहा पुढच्या मागच्या दिवशी सरकवता आल्या असत्या तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

१३ तारखेचा तो विजय टिम वेकफील्डचा दोनशेवा होता. सात वेळा हुलकावणी देऊन आठव्या प्रयत्नात मिळाला. हा माणूस नकलबॉल टाकायचा, म्हणजे चेंडू फिरूच द्यायचा नाही, हवेत तो आपला आपण डुलत जातो. सतरा हंगाम त्याने बोस्टनची सेवा केली. त्या रात्री मी मुलाला जागं ठेवलं आणि सांगितलं, हे बघून ठेव. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये वेकफील्ड गेला तेव्हा मुलाने कॉलेजातून पहिला फोन मला केला. पण प्रकरणाच्या दृष्टीने कठोर बोलायचं तर पंचेचाळीस वर्षांच्या पिचरला गटाच्या शर्यतीत २३ सामने सुरू करून द्यावे लागणं, ही त्याची थोरवी असली तरी संघाची दैना होती.

रेजने काय केलं? ज्यांच्या सगळ्या खेळाडूंचे मिळून पगार रेड सॉक्सच्या जवळजवळ पाव होते, त्यांनी ९ ते ११ सप्टेंबरला आपल्या घरी तिन्ही सामने घेतले. तिसरा पराभव झाला तो दिवस अनंत चतुर्दशीचा. मग त्याच आठवड्यात ते फेनवेवर आले आणि चारपैकी तीन घेऊन गेले. त्यांच्याकडे तरुण पिचर होते, स्वतः वाढवलेले. पाचवा दमला तर सहावा तयार असायचा.

त्यानंतर बाल्टिमोर ओरिओल्स. त्या वर्षी ६९ सामने जिंकलेला, गटात तळाला असलेला संघ. त्यांच्याशी शेवटच्या दहा दिवसांत सात सामने होते. सगळे म्हणत होते, वाचलो. सातपैकी पाच हरलो. रॉबर्ट अँडिनो हे नाव बोस्टनमध्ये त्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं. २० तारखेला फेनवेवर आठव्या डावात, तिन्ही बेस भरलेले असताना, त्याने आमच्या जॉनथन पॅपलबॉनला डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला, आणि तीन धावा गेल्या. २६ तारखेला बाल्टिमोरमध्ये त्याचा चेंडू मैदानातच राहिला आणि तो चारही बेस धावून आला. त्या दोन्हींच्या मध्ये, २५ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये चौदाव्या डावात एल्सबरीच्या होमरनने एक सामना वाचला. समोर यांकीजचा स्कॉट प्रॉक्टर होता. हे नाव लक्षात राहू द्या.

२८ तारखेची रात्र. दोन्ही संघ ९०-७१, बरोबरीत. लेस्टर तीनच दिवसांच्या विश्रांतीवर बाल्टिमोरला उतरला, कारण दुसरं कुणी नव्हतंच. तरीही त्याने सहा डाव पेलले, दोनच धावा दिल्या. त्या थकलेल्या हाताबद्दल मला आदरच आहे. सातव्या डावात ३-२ पुढे असताना पाऊस आला आणि खेळ जवळजवळ दीड तास थांबला.

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीवर हा सामना होता आणि लॅपटॉपवर टँपाचा. तिकडे यांकीज ७-० पुढे. मुलगा नऊ वर्षांचा, दुसऱ्या दिवशी शाळा, पण त्याला झोपवायला माझं मन धजेना. त्याच्या मांडीवर स्कोअरची वही होती. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, असं करत डावीकडच्या मैदानातला ७. झेल डावीकडे गेला की चौकोनात ७ लिहायचा. तो ते दोन वर्षं मन लावून शिकला होता. पाऊस पडत असताना त्याने उरलेल्या डावांच्या रेघा पट्टीने आखून ठेवल्या.

पाऊस थांबेपर्यंत टँपात आक्रीत झालं होतं. रेजने आठव्या डावात सहा धावा काढल्या. नवव्यात दोन बाद, दोन स्ट्राइक (तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद), आणि डॅन जॉन्सनने होमरन मारला, ७-७. इकडे आठव्या डावात क्रॉफर्डच्या डबलवर मार्को स्कुटारो मधेच क्षणभर थबकला आणि होम प्लेटवर, म्हणजे शेवटच्या बेसवर, बाद झाला. चौथी धाव तिथे गेली. टीव्हीवर दाखवत होते, आठ डावांनंतर पुढे असताना रेड सॉक्स या वर्षी ७७ सामने खेळले आणि ७७ जिंकले.

नववा डाव, पॅपलबॉन. पहिला बाद, दुसरा बाद, दोन्ही स्ट्राइकवर. मुलगा उभा राहिला. मग ख्रिस डेव्हिसचा डबल. नोलन रायमोल्डचाही डबल, एक टप्पा पडून कुंपणापार. बरोबरी. आणि अँडिनो.

चेंडू डावीकडे उडाला, फार जोरात नाही. क्रॉफर्ड पुढे झेपावत आला, घसरत आला, हातमोजा खाली नेला. माझ्या शेजारी पेन्सिलचा आवाज झाला. मुलाने ७ लिहून टाकला होता. चेंडू हातमोज्याला लागून गवतावर पडला. रायमोल्ड धावत घरी आला. ४-३.

मुलाने काही न बोलता खोडरबर घेतला आणि ७ खोडला. इतक्या जोराने की कागद फाटला. "आई, अजून टँपा हरू शकतात ना?" त्याने विचारलं. मी लॅपटॉपकडे वळले. तीन मिनिटं गेली असतील. बारावा डाव, एव्हान लाँगोरिया, डाव्या कुंपणाच्या कोपऱ्यावरून जेमतेम पार. समोर पिचर कोण, तर तोच स्कॉट प्रॉक्टर. रेज ९१, आम्ही ९०.

आता कारणांकडे. दोन दिवसांनी व्यवस्थापक टेरी फ्रँकोना गेले. ज्यांनी २००४ मध्ये १९१८नंतरचं पहिलं विजेतेपद आणलं आणि २००७ मध्ये दुसरं, त्यांचा करार पुढे चालवला गेला नाही. महिन्याभरात जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइन शिकागोला गेले. आणि ऑक्टोबरच्या मध्याला बोस्टन ग्लोबमध्ये बातमी आली की सामना चालू असताना काही स्टार्टर, ज्या दिवशी त्यांना खेळायचं नसे त्या दिवशी, आत बसून बिअर पीत, तळलेली कोंबडी खात आणि व्हिडिओ गेम खेळत.

याचा मलाही संताप आला. बाहेर आपले सोबती धडपडत असताना आत बसून खाणं, हे कुठल्याही खेळात शोभत नाही. आमच्या गावच्या कबड्डी संघातसुद्धा चाललं नसतं. पण त्याच बातमीत फ्रँकोना यांच्या संसाराच्या आणि दुखण्याच्या गोष्टीही बाहेर काढल्या गेल्या. आठ वर्षं राबलेल्या माणसाला असं उघड्यावर आणणं मला सहन झालं नाही. आणि सगळ्या शहराला एक सोपं कारण मिळालं ते मिळालंच. कोंबडी लक्षात राहते, ७.०८ राहत नाही.

बिअर सप्टेंबरमध्येच आली होती का? एप्रिलच्या सुरुवातीची अडखळण सोडली, तर तिथून ऑगस्टअखेरपर्यंत याच संघाने ८१ जिंकले आणि ४२ हरले. तेव्हाही हीच माणसं होती, बहुधा याच सवयींची. जूनपासून बदललं ते हे की पाच स्टार्टर होते तिथे हळूहळू तीन राहिले, आणि मग त्या तिघांचेही हात उतरले. बेकेटने ओरिओल्सविरुद्धच्या शेवटच्या दोन्ही सामन्यांत सहा-सहा धावा दिल्या. डॅनियल बार्ड, वर्षभर आठव्या डावाचा आधार, सप्टेंबरमध्ये चार सामने हरला. आठवड्यातून चार-चारदा बोलावल्यावर खांदा तरी काय करणार?

म्हणून माझं बोट खेळाडूंच्या ताटाकडे जात नाही. ज्यांनी दोन खेळाडूंवर जवळजवळ तीस कोटी डॉलर लावले आणि सहाव्या-सातव्या स्टार्टरची जागा रिकामी ठेवली, त्या नियोजनाकडे जातं. दुखापती दैवाच्या, मान्य. पण दर वर्षी कुणीतरी पिचर जखमी होतोच. धान्य भरून ठेवायचं ते पाऊस चुकण्याआधी, हे कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात माहीत असतं.

आणि आणखी एक, जे मला सर्वांत जास्त डाचतं. हंगामाचे पहिले सहाच्या सहा सामने रेड सॉक्स हरले होते. त्यातला सहावा, ७ एप्रिलचा, क्लीव्हलंडला ०-१. त्यांची एकुलती धाव आठव्या डावात एका बंटवर, म्हणजे बॅटने हलकेच अडवलेल्या चेंडूवर, आली, आणि नवव्यात आमचा धावता खेळाडू दुसऱ्या बेसच्या पुढे गेला आणि परतताना बाद होऊन सामना संपला. सगळे म्हणाले, अजून १५६ आहेत. तो एक सामना जिंकला असता तर ९१. बरोबरी, आणि टँपाशी आणखी एक सामना. एप्रिलमधला सामना सप्टेंबरमधल्याइतकाच मोजला जातो, हे आम्ही पाहणारेही तेव्हा विसरलो होतो. २०१२ मध्ये प्रत्येक लीगमध्ये दोन वाइल्ड कार्डं झाली. तो नियम एक वर्ष आधी आला असता तर नव्वद विजय पुरले असते. पण असं मोजत बसण्यात अर्थ नाही. रेज जिंकले, आणि त्यांनी ते कमावलं होतं.

पुढचं वर्ष आणखी वाईट गेलं, ६९ विजय. ऑगस्ट २०१२ मध्ये गोन्झालेस, क्रॉफर्ड आणि बेकेट एकाच सौद्यात लॉस एंजेलिसला गेले.

राहिला लॅकी. २०११चा हंगाम संपल्यावर कळलं की त्याच्या कोपरातला अस्थिबंध गेलेला होता. त्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि २०१२चं अख्खं वर्ष तो खेळला नाही. म्हणजे ज्याला मी घसा बसेपर्यंत 'बू' केलं, तो माणूस निकामी कोपर घेऊन २८ वेळा चेंडू टाकायला आला होता. दुसरं कुणी नव्हतं म्हणून. ते वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी होते.

३० ऑक्टोबर २०१३. फेनवे पार्क, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, समोर सेंट लुईस. स्टार्टर जॉन लॅकी. सातव्या डावात दोन बाद झाल्यावर व्यवस्थापकांनी त्याला परत बोलावलं. तोवर त्याने एकच धाव दिली होती. तो खाली मान घालून चालू लागला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. त्याने टोपीला हात लावला. इकडे मुलगा आधीच उभा होता. मी हातातली ताटली खाली ठेवली, उभी राहिले आणि तो आत दिसेनासा होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.